लक्ष्मीचे पारडे

उत्तमराव अडत्यांनी नागपूरच्या होणाऱ्या व्याह्यांना ‘रविवारी विमानाने येत आहोत’ अशी तार केली, तेव्हा विमानाविषयी त्यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या. एक, ते उडते. दोन, ते कोणालाही घेऊन उडते. यांपैकी पहिली गोष्ट प्रयोगाने सिद्ध झालेली होती.

वाशीमचे विमानांचे मैदान शहराच्या उत्तर अंगाला, भाजीबाजाराच्या पाठीमागे होते. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या छोट्या विमानांना वाटेत कुठेतरी पेट्रोल घेणे भाग असे, आणि १९३४च्या हंगामात ही गरज वाशीमने भागवली. कापसाचे दलाल, हौशी बॅरिस्टर, उड्डाण शिकणारे श्रीमंतांचे मुलगे, सगळे आपापली दोन आसनांची विमाने घेऊन तेथे उतरत. रविवारी तर चार-पाच विमाने एकदम जमत. एक उतरत असे, एक उडण्यासाठी ताटकळत असे, आणि दोघांच्या मध्ये बाजाराला आलेली एखादी म्हैस उभी असे. या वाहतुकीचे नियंत्रण मैदानाचा राखणदार उदयसिंग करी. तो पोहरादेवीकडच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्याजवळ एक लाल फडके आणि एक काठी होती. फडके विमानांसाठी होते.

उत्तमरावांना नागपूरला जाणे अगत्याचे होते. त्यांची मुलगी अंजना हिची सोयरीक तेथे ठरत आली होती; पण पूर्ण ठरली नव्हती. मुलाचे वडील वजने-मापे तपासून त्यांवर छाप मारणाऱ्या खात्यात अंमलदार होते, आणि आयुष्यभर व्यापाऱ्यांची वजने तपासल्यामुळे त्या लोकांच्या शब्दांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. उत्तमरावांनी दोनदा येतो म्हणून सांगितले होते आणि दोन्ही वेळा बाजाराच्या गर्दीमुळे ते गेले नव्हते. आता व्याह्यांनी निरोप धाडला होता की रविवारी संध्याकाळपर्यंत आलात तर साखरपुड्याचे बोलू. न आलात तर सोमवारी आम्ही अमरावतीची मुलगी पाहायला निघू. हा निरोप शनिवारी पोचला. आगगाडीने किंवा मोटारीने नागपूर गाठण्यास दीड दिवस लागे. तेव्हा उत्तमरावांनी मान वर केली आणि त्यांना विमान दिसले.

ते विमान एका दलालाचे होते आणि बापूराव नावाचे तरुण वैमानिक ते रिकामेच नागपूरला परत नेणार होते. पुढच्या आसनावर एक माणूस घ्यायला मालकाची हरकत नव्हती. बापूराव पदार्थविज्ञानाचे पदवीधर होते. कोणी सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची नाही, हा नियम त्यांना प्राध्यापकांनी सांगितला होता, आणि तेवढा एक त्यांनी न तपासता मान्य केला होता.

“तुमचं वजन किती?” त्यांनी उत्तमरावांना विचारले.

“मध्यम,” उत्तमराव म्हणाले.

“मध्यम हे वजन नाही. पुढच्या आसनावर सामानासकट सव्वादोन मणांच्या वर भार चालणार नाही. उन्हाने हवा विरळ झाली आहे आणि मैदान आखूड आहे. मी तुम्हाला मोजून घेईन.”

“मोजा ना साहेब. काटा माह्याच घरचा हाय,” उत्तमराव म्हणाले. त्यांच्या स्वरात भीती नव्हती, उलट मालकीचा अभिमान होता.

रविवारी सकाळी अडतीवरचा मोठा काटा मैदानात आला. तीन लाकडी बल्ल्यांची तिवई उभी राहिली, तिला आडवी लोखंडी दांडी टांगली गेली आणि दांडीच्या दोन टोकांना साखळ्यांनी बांधलेली फळ्यांची दोन पारडी लोंबू लागली. काट्याच्या मागोमाग सगळा भाजीबाजारही आला, कारण काटा नसताना बाजारात बसून कोणाचेच काम होणार नव्हते. आसपासच्या मळ्यांतले लोक वांग्यांची पोती, कोहळ्यांच्या गाड्या आणि टोपल्या घेऊन मैदानाच्या कडेला बसले. त्यांत चंपत होता. त्याचा मळा मैदानाला लागूनच होता. हौसाबाई होती. ती आपला माल दुसऱ्या कोणाला मोजू देत नसे आणि आपल्या वतीने दुसऱ्या कोणाला बोलूही देत नसे.

काट्याच्या एका पारड्याला कुंकवाची पाच बोटे ओढलेली होती. ते लक्ष्मीचे पारडे. उत्तमरावांच्या अडतीवर येणारा माल त्याच पारड्यात पडे आणि वजने दुसऱ्यात. उलटे कधी होत नसे. दर पाडव्याला त्या पारड्याची पूजा होई. उत्तमरावांनी जोडे काढले, पारड्याला हात लावून नमस्कार केला आणि त्यात मांडी घालून बसले. दुसऱ्या पारड्यात वजने चढली. दांडी सरळ झाली.

“दोन मण आठ शेर,” उत्तमरावांनी स्वतःच जाहीर केले. “दोन शेर जागा उरली. अवो, ते साखरेची पिशवी द्या.”

हे ‘अवो’ त्यांच्या पत्नीला, सीताबाईंना उद्देशून होते. सीताबाई अंगाने किरकोळ आणि बोलण्याने नेमक्या होत्या. त्यांनी साखरपुड्याची साखर आणली. तीही लक्ष्मीच्या पारड्यात मोजली गेली आणि बरोबर दोन शेर भरली.

मळेकऱ्यांमध्ये थोडी खाकराखाकर झाली.

“मालक, तुमी लय हलके निघाले,” चंपत म्हणाला.

“मेहनतीचं अंग हाय, चंपत्या. फुगीर दिसते, पन वजन नाई त्याले.”

“आमच्या वांग्याचं बी तसंच हाय बापा,” हौसाबाई कोणाकडेही न पाहता म्हणाली. “घरून निंघतात तवा भारी रायतात. तुमच्याकडे आले का हलके होतात.”

उत्तमरावांनी हे ऐकले नाही. काही वाक्ये न ऐकण्याचा त्यांना अनेक वर्षांचा सराव होता.

गळ्यात हार घालून उत्तमराव पुढच्या आसनात बसले. उदयसिंगने विमानाचा पंखा फिरवला. मैदानाच्या मध्यावर चुन्याची एक रेघ ओढलेली होती. त्या रेघेपर्यंत चाकांनी जमीन सोडली नाही तर यंत्र बंद करून थांबायचे, हा बापूरावांचा नियम होता, कारण त्यापुढे बाभळी होत्या. विमान धूळ उडवत धावले, रेघेपर्यंत आले, रेघ ओलांडली, आणि थांबले. चाकांनी जमीन सोडली नव्हती. त्यांनी तसा विचारही केला असावा असे दिसले नाही.

“काहून थांबले जी?” उत्तमरावांनी मागे वळून विचारले.

“उडालो नाही म्हणून.”

“मंग उडा ना.”

बापूरावांना पहिला संशय पेट्रोलचा आला. पेट्रोलमध्ये पाणी असेल तर यंत्राचा जोर कमी पडतो. त्यांनी टाकी रिकामी करवली आणि सगळे पेट्रोल मऊ कातड्यातून गाळून पुन्हा भरवले. कातड्यावर पाण्याचा थेंबही राहिला नाही. उदयसिंग हे काम करताना दुखावला गेला होता.

“साहेब, म्या पानी टाकत नाई कशातच. दुधातबी नाई.”

“मी तुझ्यावर आळ घेतला नाही, उदयसिंग. मी पेट्रोलवर घेतला होता. तोही मागे घेतला.”

दुसरा संशय यंत्राचा. उत्तमरावांना खाली उतरवून बापूराव एकटेच धावले. रेघेच्या बरेच अलीकडे विमान सुटले, बाभळींवरून आरामात गेले, एक घिरटी घालून उतरले. यंत्रात दोष नव्हता.

यावर उत्तमरावांना संशय आला, आणि तो बापूरावांचा. ते सीताबाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. पण त्यांचा हळू आवाज लिलावाच्या सरावाचा असल्यामुळे सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

“शेलूबाजारच्या त्या अडत्यानं याले फितवलं असन. त्याच्या पोरीसाठी बी हेच स्थळ पाह्यलं होतं.”

“त्या मानसानं तुमाले अजून पुरतं पाह्यलं बी नाई, तो फितन कायले?” सीताबाई म्हणाल्या. “मले वाटते तुमी भारी झाले.”

“काट्यानं सांगतलं ना दोन मण आठ शेर? तुमी काट्याहून शहान्या झाल्या का?”

काट्यावर त्यांचा खरोखरच विश्वास होता. सुरुवातीला बहुधा नसावा. पण जे आकडे माणूस रोज मोठ्याने उच्चारतो, ते काही वर्षांनी त्याला ऐकू येऊ लागतात आणि मग पटूही लागतात. उत्तमरावांच्या मते ते दोन मण आठ शेरांचेच होते. विमानाचे मत वेगळे होते, एवढेच.

साखर उतरवली. हार उतरवला. कोट, पागोटे आणि चांदीच्या मुठीची काठी उतरवली. उत्तमराव आता केवळ धोतर-बंडीवर राहिले. व्याह्यांसमोर अशा वेषात उतरावे लागेल ही चिंता त्यांनी नागपूरपर्यंत पुढे ढकलली. विमान पुन्हा धावले आणि पुन्हा रेघेच्या पलीकडे जाऊन जमिनीवरच थांबले. या वेळी एका बाभळीच्या फांदीने पंखाला स्पर्श केला.

तोपर्यंत दुसरी तीन विमाने उडण्यासाठी खोळंबली होती. एका बॅरिस्टरांनी उदयसिंगकडे तक्रार केली. उदयसिंगने त्यांना लाल फडके दाखवले.

“साहेब, मालकावर नजर पडली असन कोनाची,” त्याने बापूरावांना सुचवले. “एक कोहयं ओवायून टाका. चंपतच्या गाडीत हायेत.”

बापूरावांचा नजरेवर विश्वास नव्हता; पण कोहळ्यांच्या गाडीकडे त्यांची नजर गेली आणि ते थबकले. त्यांच्या प्रयोगात एक गोष्ट राहून गेली होती. विमान उडत नव्हते ते भारामुळे की उत्तमरावांमुळे, हे ठरवायचे तर उत्तमरावांएवढाच, पण उत्तमराव नसलेला भार हवा होता.

“चंपत, तुझे कोहळे दोन मण आठ शेर मोजून दे.”

“माह्ये कोहये विमानात बसवता?” चंपतने विचारले.

“हो.”

“फुटले तर?”

“फुटणार नाहीत. माझा अंदाज आहे की ते जमीनसुद्धा सोडणार नाहीत.”

कोहळे लक्ष्मीच्या पारड्यात पडले आणि दोन मण आठ शेरांना दांडी सरळ झाली. दोन पोत्यांत भरून ते पुढच्या आसनावर बांधले गेले. विमान धावले, रेघेवर आले आणि रेघेच्या पलीकडे थांबले. कडेला बसलेल्या मंडळींमध्ये समाधानाचा सूर उमटला. कोहळ्यांना न्याय मिळाला होता.

“पाह्यलं का?” उत्तमराव म्हणाले. “म्हन्जे माह्यात खोट नाई. विमानातच हाय.”

“विमान सव्वादोन मण उचलतं. मागच्या रविवारी उचललं आहे,” बापूराव म्हणाले. “तेव्हा हे सव्वादोन मण नाहीत.”

ते काट्याजवळ गेले. टोपल्या लावणाऱ्यांचे हात थांबले. हौसाबाईने पदर नीट केला आणि जरा पुढे सरकून बसली, जशी माणसे कीर्तन रंगात आल्यावर सरकतात.

बापूरावांनी पेट्रोलचा एक मोहोरबंद डबा मागवला. भरल्या डब्याचे वजन डब्यावर ठोकलेलेच असे. शेरांत ते साडेपंधरा भरायला हवे होते. त्यांनी डबा लक्ष्मीच्या पारड्यात ठेवला. काट्याने पावणेचौदा शेर सांगितले. बापूरावांनी डबा सर्व बाजूंनी पाहिला. तो कुठेही गळत नव्हता. मग त्यांनी डबा दुसऱ्या पारड्यात ठेवला आणि वजने लक्ष्मीच्या पारड्यात टाकली. आता डबा साडेसतरा शेरांच्याही वर गेला.

“दांडीची एक बाजू आखूड आहे,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. सकाळपासून छळणारे कोडे सुटल्याचा निर्मळ आनंद होता, आणि उत्तमरावांच्या दृष्टीने तो आरोपाहून वाईट होता. “उत्तमराव, जरा या दुसऱ्या पारड्यात बसा.”

“नाई जमत साहेब.”

“का?”

“ते वजनाचं पारडं हाय. त्यात माल ठेवत नाईत. लक्ष्मी रुसते.”

“मले म्हशीसाठी सरकीची ढेप इकता तवा नाई रुसत?” हौसाबाईने विचारले. “आमचं वांगं घेता तवा या पारड्यात. आमाले ढेप देता तवा त्या पारड्यात. लक्ष्मी इकडून तिकडे कवा जाते ते आमी पाह्यतोच ना रोज.”

“हौसाबाई, तू गप राय.”

“गपच हावो मालक. धा वर्षांपासून गप हावो.”

“बसा अवो,” सीताबाई म्हणाल्या. “व्याही तिकडे वाट पाहून राह्यले. लक्ष्मीची समजूत म्या काढीन.”

उत्तमराव दुसऱ्या पारड्यात बसले. लक्ष्मीच्या पारड्यात एकेक वजन पडत गेले. दोन मण आठ शेर झाले तरी उत्तमराव जमिनीवरच होते. अडीच मण झाले. वजने कमी पडली तेव्हा चंपतने आपणहून गाडीतला मापाचा दगड आणून दिला. पावणेतीन मणांच्या वर तीन शेर गेल्यावर उत्तमराव सावकाश वर आले. त्या दिवशी ते जमिनीवरून सुटले ते एवढेच.

“खरं वजन दोहोंच्या मध्ये आहे,” बापूरावांनी समजावून सांगितले. “नेमकं बोलायचं तर दोन्हींचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. अडीच मण. म्हणजे तुम्ही दहा शेरांनी जास्त आहात. मी तुम्हाला नेऊ शकत नाही.”

उत्तमराव पारड्यातून उतरले नाहीत. बसल्या बसल्या ते हिशेब करत होते, आणि तो हिशेब वजनाचा नव्हता. न जावे तर अंजनाचे स्थळ हातचे जाते. ‘जादा वजनामुळे राहिलो’ असे कळवावे तर वजने-मापे खात्यातला माणूस पहिला प्रश्न विचारणार की आधी मोजले नव्हते का. आणि मोजले होते म्हटले तर दुसरा प्रश्न, कशावर.

“साहेब,” त्यांनी विचारले, “पेट्रोल कमी भरलं तर?”

“तर आपण वर्ध्याजवळ एखाद्या शेतात उतरू. उतरू हा शब्द मी सौम्य वापरला आहे.”

“यंत्रातलं काई सामान काढता नाई येत?”

“येतं. मला काढता येतं. मग तुम्हाला विमान चालवावं लागेल.”

सीताबाईंनी उत्तमरावांचे पागोटे, कोट आणि काठी गोळा केली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि साखरेची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

“म्या जाते,” त्या म्हणाल्या.

“तुमी? विमानात?”

“पोरगी माही बी हाय. तार पोचली, मानूस पोचलं पाह्यजे. कोनतं मानूस ते तारेत कुठी लिवलं होतं?” मग त्या बापूरावांकडे वळल्या. “मले दोन्ही पारड्यात मोजा भाऊ. मधलं काय निंघते ते पाहा.”

मधले सव्वा मण निघाले. बापूरावांनी हौसेने साखरेसकट एक मण सामानाची परवानगी दिली, आणि चंपतने आपल्या कोहळ्यांपैकी एक चांगला कोहळा व्याह्यांसाठी दिला. विमान रेघेच्या अलीकडेच सुटले. सीताबाईंनी खाली पाहिले नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर दातांत धरला होता आणि दोन्ही हातांनी कोहळा. उदयसिंगने खोळंबलेल्या बॅरिस्टरांना फडके हलवून वाट मोकळी करून दिली.

त्या मोटारीने परत आल्या, त्याला मध्ये तीन दिवस गेले. ते तीन दिवस उत्तमराव अडतीवर बसले होते. पण माप पुकारताना आवाज चढत नव्हता. मोटारीतून उतरताना सीताबाईंच्या हातात कोहळा नव्हता आणि साखरेची पिशवी दुसरी होती.

“काय म्हणाले?” उत्तमरावांनी विचारले.

“इचारलं, उत्तमराव काहून नाई आले.”

“मंग? तुमी काय सांगतलं?”

“जे झालं ते. म्हणलं, काटा खोटा निघाला, म्हणून खाली राह्यले.”

उत्तमराव ओटीवर बसले.

“मंग ते उठून दाराकडे गेले,” सीताबाई सांगू लागल्या. “मले वाटलं, झालं, गेलं स्थळ. मंग म्हणाले, नोकरीत केस पिकले माहे, पन ‘माहाच काटा खोटा हाय’ म्हणून चार लोकात सांगनारा व्यापारी म्या पाह्यला नवता. असा सोयरा मिळत नाई म्हणाले. साखर वाटली. लग्नाच्या आधी सोता येऊन तुमच्या नव्या काट्याले छाप मारतो म्हणाले.”

“म्या चार लोकात सांगतलं?”

“आता सांगतलं म्हणाच. नाई तर पोरीचं काय होईन?”

याला इलाज नव्हता. उत्तमरावांनी अकोल्याहून नवी दांडी आणवली. व्याही आले. त्यांनी दोन्ही बाजू सुतळीने मोजल्या, पारडी बदलून पाहिली, वजने घासून पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी छाप मारला. मुलीचे लग्न ठरले, तिथी निघाली. व्याह्यांनी जाता जाता उत्तमरावांच्या पाठीवर हात ठेवला. असा अनुभव उत्तमरावांना कोणत्याच व्यवहारात आला नव्हता, आणि त्यांना स्वतःलाही नवल वाटले की तो त्यांना आवडला. आपण आता खरे वागायचे, असा त्यांनी निश्चय केला. निश्चय करायला त्यांना फार वेळ लागला नाही, कारण दुसरा काटा उरलाच नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मळेकरी आले. नव्या काट्याला एकाही पारड्यावर कुंकू नव्हते. चंपतने वांग्यांचे पोते कोणत्या पारड्यात टाकावे असे विचारले.

“कोनत्याही टाक,” उत्तमराव म्हणाले.

चंपतने हात मागे घेतला. “कोनत्याही म्हन्जे?”

“दोन्ही सारखे हायेत.”

चंपतने पोते एका पारड्यात मोजून घेतले. मग स्वतः उचलून दुसऱ्यात टाकले आणि पुन्हा मोजायला लावले. आकडा तोच आला. त्याने साखळ्या चाचपल्या, पारड्याच्या खाली वाकून पाहिले, वजने उलटी करून पाहिली. हौसाबाईने तिवईच्या बल्ल्या हलवून पाहिल्या. बाकीचे मळेकरी आपापल्या पोत्यांवर हात ठेवून उभे राहिले.

या पोत्यांविषयी एक गोष्ट व्याह्यांच्या तपासणीत आली नव्हती. जुन्या काट्यावर माल हलका पडतो हे ठाऊक असल्यामुळे मळेकरी वांगी पोत्यात भरण्याआधी आणि भरल्यानंतर पाण्याने भिजवीत. काटा जेवढे खाई, साधारण तेवढे पाणी भरून देई. दोन चुका एकमेकींना छेद देत होत्या, आणि बाजार कित्येक वर्षे जवळजवळ बरोबर चालला होता. आता ओली वांगी खऱ्या काट्यावर पडली होती. फायदा सरळसरळ मळेकऱ्याचा होता. हे चंपतच्या ध्यानात आले. आणि उत्तमराव आपला फायदा होऊ देत आहेत, हीच गोष्ट त्याला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत भयंकर वाटली.

“मालक,” तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “खरं सांगा. कुठी हाय?”

“काय कुठी हाय?”

“ते.”

“काईच नाई रे चंपत. खरा काटा हाय. सरकारी छाप हाय त्याच्यावर.”

“तेच म्हन्तो. काईच नाई तर छाप कायले मारला मंग?”

“माह्या व्याह्यानं मारला.”

चंपतने हौसाबाईकडे पाहिले. हौसाबाईने मान हलवली. हा खुलासा येईपर्यंत कदाचित काही आशा होती. चंपतने पोते पारड्यातून काढून खांद्यावर घेतले आणि गाडीत टाकले. हौसाबाईच्या टोपल्या त्याच गाडीत चढल्या. पाठोपाठ दुसऱ्या गाड्या वळल्या. उत्तमराव उठून गाडीजवळ आले. बैलाच्या शिंगाला धरून त्यांनी विचारले, “अरे, पन जाऊन राह्यले कुठी?”

“शेलूबाजारले,” चंपत म्हणाला.

“शेलूबाजारले? तो अडत्या लबाड हाय. मोजताना पारड्याले अंगठा लावते तो. साऱ्या मुलखाले ठाव हाय.”

“हो ना,” हौसाबाई गाडीत टोपलीला टेकून बसत म्हणाली. “पन त्याचा अंगठा दिसते तरी.”